वाघळांचे जंत वेगळे, मुलांचे जंत वेगळे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गावातल्या वडावर किंवा चिंचेवर शे-दोनशे वटवाघळे मुक्कामाला आली की तक्रारी सुरू होतात. फळे नासवतात, खाली घाण करतात, दिवसभर कलकलाट करतात, या तक्रारी जुन्या आहेत आणि काही अंशी खऱ्याही आहेत. त्यांत आता आणखी एक जोडली जाते: वाघळांच्या विष्ठेतून मुलांना जंत होतात, म्हणून झाड तोडा. आम्ही परजीवी कृमी शिकवणारी आणि तपासणारी माणसे आहोत. हा आरोप चुकीचा आहे, आणि त्यापायी एखादे जुने झाड जाणे आम्हाला सहन होण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र. तक्रार करणाऱ्यांपैकी कुणी त्या विष्ठेची एक गोळीसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली नसते. जिथे पाहिली जाते तिथेही बहुधा चुकीच्या रीतीने पाहिली जाते. म्हणून रीतीबद्दलही सविस्तर लिहीत आहोत.

आधी मुलांच्या पोटातले जंत. आपल्याकडे ते मुख्यतः तीन: मोठा गोल जंत, चाबूककृमी आणि अंकुशकृमी. शिवाय रात्री गुदद्वाराशी खाज आणणारे बारीक सुतासारखे जंत. हे सगळे माणसाचे जंत. पहिल्या तिघांची अंडी माणसाच्या शौचातून मातीत जातात. ओल आणि सावली मिळाली की गोल जंताची अंडी दोन ते चार आठवड्यांत पोटात घर करण्याजोगी होतात आणि न धुतलेल्या हातांतून, कच्च्या भाजीतून तोंडात जातात. अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच आत शिरते. २०१५पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन होतो, १० फेब्रुवारीला आणि पुन्हा ऑगस्टमध्ये. १ ते २ वर्षांच्या बाळाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी म्हणजे २०० मिलिग्रॅम, पुढे १९ वर्षांपर्यंत ४०० मिलिग्रॅमची अख्खी गोळी. ती मोहीम, शौचालयाचा वापर, साबणाने हात धुणे आणि पायात चप्पल यांनी मुलांचे जंत कमी होतात. वड तोडल्याने मातीतले एकही अंडे कमी होत नाही.

मग वाघळांच्या पोटात जंत नसतात का? असतात, आणि भरपूर असतात. इथे दोन प्रकारच्या वाघळांत फरक केला पाहिजे. झाडावर लटकणारी मोठी वटवाघळे फळे चावून रस गिळतात आणि चोथा थुंकून टाकतात. किडे ती जवळपास खात नाहीत, म्हणून त्यांच्या आतड्यात जंतांचे प्रकार कमी. कौलांखाली, वळचणीला, लेण्यांत आणि पुलांच्या फटींत राहणारी छोटी कीटकभक्षी वाघळे, ज्यांना बऱ्याच ठिकाणी पाकोळ्या म्हणतात, त्यांच्या आतड्यात मात्र पानासारखे चपटे पर्णकृमी, फितीसारखे लांब पट्टकृमी आणि सुतासारखे गोलकृमी असे तिन्ही सापडतात. त्यांतही पर्णकृमींची चलती. लेसिथोडेंड्रिइडी नावाच्या कुळातले हे कृमी खसखशीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान असतात, अर्धा ते एक मिलिमीटर. लहान आतड्याच्या मखमली अस्तराला दोन चूषकांनी चिकटून बसतात. चार-पाच ग्रॅम वजनाच्या पाकोळीच्या आतड्यात असे डझनावारी कृमी असूनही ती रोज संध्याकाळी नेमाने उडत असते.

हा कृमी वाघळात पोचतो कसा, ते कळले की माणसाला भीती का नाही तेही कळते. वाघळाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती पाण्यात पडली तरच पुढे काही घडते. तळ्यात, ओढ्यात, संथ नदीत राहणारी ठरावीक जातीची गोगलगाय ते अंडे गिळते. तिच्या शरीरात एका अंड्यापासून वाढून असंख्य शेपटीवाल्या अळ्या तयार होतात. त्यातल्या प्रत्येक अळीच्या तोंडाशी सुईसारखा बारीक काटा असतो. गोगलगायीतून बाहेर पडल्यावर ती त्या काट्याने पाण्यातल्या दुसऱ्या एका जिवाची, म्हणजे चिलटाच्या, चतुराच्या किंवा मेफ्लायच्या अळीची, कातडी भोसकून आत शिरते, शेपटी टाकते आणि स्वतःभोवती गोल पुटी, म्हणजे कवच, बांधून थांबते. पुढे त्या किड्याला पंख फुटतात, तो पाण्याबाहेर उडतो आणि त्याच्या पोटातली पुटीही त्याच्याबरोबर उडते. वाघळाने तो किडा खाल्ला की पुटी फुटून कृमी आतड्याला चिकटतो. वाघूळ, पाणी, गोगलगाय, किडा आणि पुन्हा वाघूळ: या साखळीतली एक कडी निसटली की कृमी तिथेच संपतो. अंगणात वाळलेल्या विष्ठेतले अंडे चुकून मुलाच्या तोंडात गेले, तरी ते पचून किंवा तसेच बाहेर पडते, कारण माणूस म्हणजे गोगलगाय नव्हे.

माणसाला हे कृमी कधीच होत नाहीत, असे म्हणणार नाही. ईशान्य थायलंड आणि लाओसमध्ये प्रोस्थोडेंड्रियम मोलेनकांपी आणि फॅनेरॉप्सोलस बोनेई हे याच गटातले पर्णकृमी माणसांत सापडलेले आहेत. पण कारण बघा. तिथे चतुराच्या पाण्यातल्या अळ्या खाण्याची पद्धत आहे. म्हणजे तिथेही कृमी किड्यातूनच आला, विष्ठेतून नव्हे. आपल्याकडे चतुराच्या अळ्या कुणी ताटात घेत नाही.

पट्टकृमींना आणि बऱ्याच गोलकृमींना हाच न्याय लागू पडतो. पट्टकृमीलाही मधला पोशिंदा, म्हणजे वाढीच्या मधल्या टप्प्यात ज्याच्या अंगात राहायचे तो जीव, किडाच लागतो. गोलकृमींतल्या काहींना मधला पोशिंदा लागत नाही, पण ते आपापल्या वाघळांच्या गटाला इतके जखडलेले असतात की घोड्याच्या नालेसारखे नाक असलेल्या वाघळातला कृमी शेजारी लटकलेल्या दुसऱ्या कुळातल्या वाघळातही सहसा दिसत नाही.

आता मोठ्या वटवाघळांचा एक कृमी, कारण त्याच्यावर एकदा फार मोठा आळ आला होता. नोव्हेंबर १९७९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडजवळच्या पाम बेटावर एकाएकी १४८ जण आजारी पडले. त्यांतली १३८ मुले होती. उलट्या, पोटदुखी, सुजलेले आणि दुखरे यकृत, मग रक्ताचे जुलाब, मूत्रपिंडांवर ताण. कुणी दगावले नाही, पण कारणही सापडेना, म्हणून त्याला ‘पाम बेटाचा गूढ आजार’ असेच नाव पडले. १९८२मध्ये एक तर्क पुढे आला: टॉक्सोकारा टेरोपोडिस हा वटवाघळांचा गोल जंत याला जबाबदार असावा. वटवाघळांची विष्ठा आंब्यांवर पडली, मुलांनी ते आंबे खाल्ले, अंड्यांतून निघालेल्या अळ्या यकृतात गेल्या. ऐकायला पटण्यासारखे होते. झाडे होती, आंबे होते, वटवाघळे होती आणि मुले होती.

मग त्या जंताचा जीवनक्रम नीट तपासला गेला. तो कळल्यावर चित्रच पालटले. हा जंत प्रौढ वटवाघळाच्या आतड्यात राहतच नाही. प्रौढ मादीच्या यकृतात त्याच्या अळ्या निपचित असतात. मादी व्याली की त्या दुधावाटे पिल्लाच्या पोटात जातात आणि तिथे, फक्त दूधपित्या पिल्लातच, मोठ्या होऊन अंडी घालतात. पिल्लाने दूध सोडले की जंत पडून जातात. अंगावरची घाण चाटून साफ करताना प्रौढ वटवाघळांच्या पोटात जी अंडी जातात, त्यांतून निघालेल्या अळ्या पुन्हा यकृतात जाऊन थांबतात. म्हणजे झाडाखाली पडणारी बहुतेक विष्ठा ज्या प्रौढ वटवाघळांची, त्यांच्या विष्ठेत अंडी नसतातच. या जंताचा त्रास होतो तो पिल्लांना. क्वचित जंतांचा गोळा आतड्यात किंवा पित्तनळीत अडकून पिल्लू दगावते.

आणि पाम बेटाचा आजार? बेटाला पाणी पुरवणाऱ्या सॉलोमन धरणात शेवाळासारख्या सूक्ष्मजीवांचा हिरवा तवंग वाढला होता. तो मारायला आजाराच्या काही दिवस आधी पाण्यात मोरचूद टाकला होता. पुढे त्या जलाशयातून सिलिंड्रोस्पर्मॉप्सिस हा निळा-हिरवा सूक्ष्मजीव वेगळा काढला गेला आणि त्याचे विष उंदरांना दिल्यावर यकृताची तशीच नासाडी दिसली. मोरचुदाने त्याच्या पेशी एकदम फुटल्या आणि आतले विष पाण्यात उतरले. मोरचुदातल्या तांब्यानेच विषबाधा झाली, असेही मत मांडले गेले. दोन्ही मतांत बोट नळाच्या पाण्याकडे जाते. आपल्या तळ्यांवर आणि पाझर तलावांवर उन्हाळ्यात असाच हिरवा तवंग येतो आणि त्यावर मोरचूद टाकण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. पोटाच्या विकारांची साथ आली तर तपासणीसाठी पहिली बाटली पाण्याची भरावी, असे आमचे आरोग्य विभागाला कळकळीचे सांगणे आहे.

माळ्यावरच्या लेंड्यांबाबत एक गोष्ट घरच्या घरी करता येते. हातमोजा घालून, तोंडाला मास्क बांधून एक लेंडी चिमटीत दाबा. पाकोळीची असेल तर तिचा भुशासारखा कोरडा चुरा होतो आणि उजेडात त्यात किड्यांच्या पंखांचे, कवचांचे तुकडे चकाकतात. उंदराची असेल तर ती टणक लागते, असा भुगा होत नाही. पालीच्या विष्ठेला टोकाशी पांढरा ठिपका असतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण उंदराचा हायमेनोलेपिस डिमिन्यूटा हा पट्टकृमी मुलांना खरोखरच होऊ शकतो. पिठातला, धान्यातला किडा उंदराची लेंडी खातो आणि तो किडा पिठाबरोबर पोटात जातो. वाघळांना हाकलून उंदीर तसेच ठेवले तर उपाय उलटाच झाला.

प्रयोगशाळेत होणाऱ्या चुकांवर आता थोडे तपशिलाने लिहितो, कारण चुकीचे अहवाल तिथूनच निघतात.

पहिली चूक नमुन्याची. गुहेत किंवा माळ्यावर साचलेला जुना ढीग खरवडून आणला जातो. त्या ढिगात मातीतले मोकळे राहणारे गोलकृमी, कोळीवर्गातल्या सूक्ष्म माइट आणि त्यांची अंडी, बुरशीचे बीजाणू असे सगळे शिरलेले असते आणि मग ‘वाघळांत गोलकृमी आढळले’ अशी नोंद होते. विष्ठा ताजीच हवी. संध्याकाळी वाघळे बाहेर पडल्यावर खाली स्वच्छ प्लास्टिकचा कागद अंथरावा, पहाटे ती परतल्यावर दोन-तीन तासांत त्यावरच्या गोळ्या उचलाव्यात. अर्ध्या गोळ्या १० टक्के फॉर्मलिनमध्ये आणि अर्ध्या ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. विष्ठेच्या निदान तिप्पट द्रव हवा, नाहीतर आतला भाग कुजतो. अल्कोहोलमधला नमुना डीएनएसाठी, कारण फॉर्मलिनमध्ये डीएनए निकामी होतो. शंभर गोळ्या म्हणजे शंभर वाघळे नव्हेत, एकाच वाघळाच्या वीस असू शकतात. म्हणून गोळ्यांवरून ‘इतके टक्के वाघळे बाधित’ असे कधीही लिहू नये.

दुसरी चूक याहून मोठी आहे. मिठाच्या संपृक्त पाण्यात, म्हणजे लिटरभर पाण्यात साधारण ३६० ग्रॅम मीठ विरघळवून, विष्ठा ढवळली की गोलकृमींची आणि पट्टकृमींची हलकी अंडी वर तरंगतात. महाविद्यालयांत हीच पद्धत शिकवली जाते. पर्णकृमींची झाकणवाली अंडी मात्र जड, ती त्यात नीट तरंगत नाहीत. ज्या वाघळांत पर्णकृमीच जास्त, त्यांची तपासणी फक्त तरंगवून केली तर अहवाल ‘कृमी नाहीत’ असा येणारच.

म्हणून गाळ बसवण्याची पद्धत वापरावी लागते आणि तिथे तिसरी चूक होते. ही पद्धत गुरांच्या यकृत पर्णकृमीसाठी बसवलेली आहे. त्याचे अंडे ०.१३ ते ०.१५ मिलिमीटर लांब असते, पाच-दहा मिनिटांत तळाला जाते, वरचे पाणी ओतून टाकता येते. वाघळांच्या पर्णकृमीचे अंडे ०.०२ ते ०.०३ मिलिमीटरचे. लांबीला पाचपट लहान असले की बसायला पंचवीसपट वेळ लागतो. दहा मिनिटांनी ओतलेल्या पाण्याबरोबर सगळी अंडी मोरीत जातात. उपाय सोपा आहे. १ ग्रॅम विष्ठा पाण्यात कालवा, चहाच्या गाळणीतून आणि मग मलमलीतून गाळा, १५ मिलिलिटरच्या नळीत भरून सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी ५ मिनिटे फिरवा, वरचे पाणी पिपेटने काढा आणि वरचे पाणी निवळ दिसेपर्यंत पुन्हा करा. शेवटी मिथिलिन ब्लूचा एक थेंब. कचरा निळा होतो, अंडी पिवळी-तपकिरी राहतात आणि नजरेत भरतात. फळे खाणाऱ्या वटवाघळांच्या विष्ठेत परागकण खूप असतात, ते नवख्याला हुबेहूब अंडी वाटतात. अंड्याच्या एका टोकाला झाकणाची रेघ दिसेपर्यंत शाई कागदाला लावू नये.

जिवंत वाघूळ पकडून, मारून जंत काढायचे दिवस आता गेले पाहिजेत. तारेला चिकटून, मांज्यात अडकून, पंख्यात सापडून, मांजराच्या तोंडी जाऊन मेलेली वाघळे जागोजाग मिळतात. त्यांचे काय होते? एक तर उकिरड्यावर जातात, नाहीतर कुणी उत्साहाने अख्खे वाघूळ फॉर्मलिनच्या बरणीत टाकतो. कातडी आणि केसांमुळे फॉर्मलिन आत पोचायच्या आधीच आतडे कुजलेले असते. पर्णकृमी तर आपल्या उन्हात काही तासांतच विरघळायला लागतो. सहा महिन्यांनी ती बरणी उघडली की हाती फक्त राखाडी लगदा येतो.

वन विभागाला कळवून, परवानगी घेऊन मृत वाघूळ मिळाले, की जाड हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बंद करावे, बर्फाच्या पेटीत ठेवावे आणि त्याच दिवशी उघडावे. उघडणे शक्यच नसेल तर गोठवावे. गोठवल्याने कृमी ठिसूळ होतात हे खरे, पण कुजण्यापेक्षा ते बरे. आधी वाघळाची ओळख पक्की करावी: लिंग, कोपर ते मनगट लांबी कॅलिपरने मिलिमीटरमध्ये, कान आणि नाकाचे छायाचित्र. कवटी जपून ठेवावी. छोट्या पाकोळ्यांच्या जाती एकमेकींसारख्या दिसतात. पोशिंदा नुसता ‘वाघूळ’ म्हणून लिहिला तर कृमीची नोंद कुणाच्या कामाची राहत नाही.

आतडे जठरापासून गुदापर्यंत काढून पुढचा, मधला, मागचा असे तीन भाग करावेत आणि वेगवेगळ्या पेट्री बशांत ०.८५ टक्के मीठपाण्यात, म्हणजे लिटरला ८.५ ग्रॅम, ठेवावेत. नळाचे साधे पाणी घेतले तर पर्णकृमी पाणी शोषून फुगतो, गर्भाशयातली अंडी बाहेर टाकतो, फुटतोही. बारीक कात्रीने आतडे उभे चिरावे, अस्तर काचपट्टीच्या कडेने हलकेच खरवडावे, मीठपाणी हलवून गाळ बसू द्यावा, गढूळ पाणी काढून नवे घालावे. बशीखाली काळा कागद ठेवून दहा-वीसपट भिंगातून पाहिले की पांढरे ठिपके हलताना दिसतात. चिमटा लावू नये, मऊ कुंचल्याने किंवा पिपेटने उचलावेत.

कृमी मारण्याची रीत तर तिघांची तीन तऱ्हांची. पर्णकृमी थोड्याशा मीठपाण्यात असताना त्यावर जवळजवळ उकळते मीठपाणी एकदम ओतावे. तो क्षणात मरतो आणि पसरलेला, आपल्या खऱ्या आकारात राहतो. मग ७० टक्के अल्कोहोल. काचेखाली दाबून मारलेला कृमी रुंद होतो, त्याची चूषके आणि वृषणे जागा सोडतात. अशा दाबलेल्या एकदोन नमुन्यांवरून ‘नवी जाती’ जाहीर करण्याची खोड आपल्याकडच्या कृमीशास्त्राला जुनी आहे आणि तिने पुढच्या संशोधकांचे अतोनात काम वाढवून ठेवले आहे, हे स्पष्टच लिहिले पाहिजे. पट्टकृमीला उलट थंड साधे पाणी चालते. त्यात तो सैल पडतो, मगच पक्का करावा. त्याला ओढू नये. मान तुटून डोके आतड्यातच राहिले तर डोक्यावरचे आकड्यासारखे काटे मोजता येत नाहीत आणि जाती ठरत नाही. गोलकृमी गरम ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकला की सरळ होतो, थंड फॉर्मलिनमध्ये त्याची गुंडाळी होते. अल्कोहोल बर्नरवर तापवू नये, पेट घेतो. नळी गरम पाण्याच्या भांड्यात धरावी.

पर्णकृमी कार्माइन या लाल रंगाच्या सौम्य द्रावणात रंगवावेत, मग अल्कोहोलच्या ३०, ५०, ७०, ९०, १०० टक्के अशा पायऱ्यांनी पाणी काढावे. झायलीनमध्ये घातल्यावर दुधाळ ढग आला तर पाणी उरले आहे असे समजून परत १०० टक्क्यांत न्यावे. घाई केली तर बाल्सममध्ये, म्हणजे कृमी काचेवर कायमचा बसवण्याच्या पारदर्शक राळेत, काचपट्टी कायमची धूसर होते. प्रत्येक नमुन्यातले दोन-तीन कृमी न रंगवता ९५ टक्के अल्कोहोलमध्ये राखून ठेवावेत. जाड कागदावर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत टाकावी, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.

मोजणीबद्दल एकच. जंत सगळ्या वाघळांत सारखे वाटलेले नसतात, थोड्या वाघळांत पुष्कळ असतात. दहा वाघळांपैकी एकात २०० कृमी आणि नऊ रिकामी, तर ‘सरासरी २०’ या आकड्याने काहीच कळत नाही. किती तपासली, किती बाधित, बाधितांत प्रत्येकी किती, हे तिन्ही आकडे द्यावेत. पर्णकृमी सापडले म्हणजे परिसरात गोगलगायी, किडे आणि वाघळे यांची साखळी शाबूत आहे एवढे म्हणता येते. पाणी निर्मळ आहे असे म्हणू नये, कारण काही चिलटांच्या अळ्या सांडपाण्यातही भरभरून वाढतात.

वाघळांना जंताचे औषध द्यावे का, असेही विचारले जाते. रानातल्या वाघळांना देऊ नये. मात्रा मोजता येत नाही, पाण्यात टाकलेले औषध इतर जिवांच्या पोटात जाते आणि जंत पुढच्याच किड्याबरोबर परत येतात. उपचार केंद्रात वाढवलेल्या अशक्त पिल्लाची गोष्ट निराळी. तिथे पशुवैद्यकाने विष्ठा तपासून, पिल्लू तोलून ठरवावे.

खऱ्या धोक्यांकडे मात्र डोळेझाक नको. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने २०२१मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वाघळांत निपाह विषाणूच्या खुणा नोंदवल्या. तेव्हा वाघळाने अर्धवट खाल्लेले फळ खाऊ नये, पडलेली फळे धुऊन, सोलून खावीत. विषाणू आणि जंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाची भीती दुसऱ्याच्या नावावर लावू नये. वाघूळ चावले तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. साचलेल्या वाळक्या विष्ठेच्या धुळीतून हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी फुफ्फुसात जाऊ शकते. म्हणून माळा साफ करताना कोरडा झाडू मारू नये. एन-९५ मास्क घालावा, ढिगावर पाणी शिंपडून तो पूर्ण भिजवावा, फावड्याने पिशवीत भरावा. पाकोळ्या नकोच असतील तर पिल्ले उडू लागेपर्यंत थांबावे, मग फटीवर वरून अडकवलेली आणि खालून मोकळी जाळी आठवडाभर लावावी. त्या बाहेर पडतात पण परत शिरू शकत नाहीत. त्यानंतर फट बुजवावी. मिरचीचा किंवा गंधकाचा धूर केला तर पिल्ले आत मरून कुजतात आणि दुर्गंधी महिनाभर जात नाही.

२०२२च्या दुरुस्तीपर्यंत फळे खाणारी वटवाघळे वन्यजीव कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात, उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी म्हणून नोंदलेली होती. दुरुस्तीने ते परिशिष्टच गेले, मनातले मात्र अजून जात नाही. ग्रामपंचायतींनी जंतांचे कारण देऊन झाड तोडण्याचा ठराव करण्याआधी मुलांच्या शौचाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्राकडून करून घ्यावी. वन विभागाने मृत वाघळे जवळच्या पशुवैद्यकीय किंवा विज्ञान महाविद्यालयाला देण्याची साधी, एका पानाची पद्धत ठरवावी. महाविद्यालयांनी तयार काचपट्ट्या कपाटात न ठेवता भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या आकुर्डी केंद्रात जमा कराव्यात. जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीचे नमुने अशा नेमलेल्या संग्रहात देणे बंधनकारकच आहे.

वाचकांनाही एक विनंती. मेलेले किंवा जखमी वाघूळ दिसले तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. ते विजेच्या तारेवर लटकलेले असेल तर बांबूने पाडायला जाऊ नका. आधी वीज कंपनीला फोन करून प्रवाह बंद करून घ्या. आणि ते वटवाघूळ मादी असेल तर तिच्या छातीशी पाहा, जिवंत पिल्लू बिलगलेले असू शकते.

आपले,
परजीवीशास्त्राचे काही अध्यापक व प्रयोगशाळा साहाय्यक